तीनशे बँकांचे एकच कुलूप

३१ जुलै २०२४ च्या सायंकाळी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एक लहानसे निवेदन प्रसिद्ध केले. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही संगणकांत रॅन्समवेअर शिरल्याची शक्यता दिसते, सबब त्या कंपनीला देशाच्या देण्याघेण्याच्या जाळ्यापासून तात्पुरते अलग केले आहे, असा त्याचा आशय होता. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांनी मिळून उभारलेल्या या कंपनीचे नाव सामान्य ठेवीदाराच्या कानी कधी पडले असण्याचे कारण नव्हते. परंतु देशातील सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे संगणकीय व्यवहार तिच्यामार्फत चालत होते. आणि म्हणून त्या बँकांच्या ग्राहकांचे मोबाइलवरून पैसे देणे-घेणे एकाच वेळी थांबले. दुसऱ्या दिवशी यंत्रणा तपासून पुन्हा जोडण्यात आली. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले आणि प्रकरण विस्मृतीत गेले.

सरासरी ही मोठी फसवी गोष्ट असते. मुंबईतून पाहणाऱ्याला अर्धा टक्का नगण्य वाटेल. पण ज्याचे एकुलते एक खाते अशा बँकेत आहे, त्याच्या दृष्टीने बंद पडलेला हिस्सा शंभर टक्के असतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेला, बीडच्या शिवेवर वसलेल्या पाथर्डी तालुक्याचेच पाहा. दसरा-दिवाळी झाली की येथील हजारो कुटुंबे बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील उसाच्या फडांवर जातात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडीत चार-पाच महिने काढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी पाठवायचे पैसे पूर्वी कोणा गाववाल्याच्या हाती येत. आता ते खात्यावर येतात. दुधाचे पैसे, शेतकरी सन्मान निधीचा हप्ता, पीकविम्याची भरपाई, निराधारांचे अनुदान, सारे खात्यावर. ज्या घरात आठवड्याच्या किराण्यापलीकडे शिल्लक नसते, तेथे दोन दिवस बंद पडलेले खाते म्हणजे दुकानदाराची उधारी आणि पुढे ढकललेले औषध.

राष्ट्रीय सुरक्षा या शब्दाबरोबर आपल्या डोळ्यांसमोर हिमालयातील चौक्या आणि क्षेपणास्त्रे उभी राहतात. त्या यादीत सहकारी बँकेचा संगणक बसवणे अनेकांना अतिशयोक्तीचे वाटेल. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८ साली पडलेला दरोडा मात्र या बाबतीत पुरेसा बोलका आहे. एटीएममधून आलेली मागणी ज्या यंत्रातून बँकेच्या मुख्य संगणकाकडे जाते, त्या यंत्राची बनावट प्रतिकृतीच चोरांनी उभी केली. खात्यात पैसे आहेत काय, हा प्रश्न मग बँकेपर्यंत पोहोचलाच नाही. मधल्या मध्ये ‘आहेत’ असे उत्तर मिळत गेले. ११ ऑगस्टच्या शनिवारी अवघ्या दोन-सव्वादोन तासांत २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. कोल्हापुरातही एटीएमसमोर उभे राहून नोटा गोळा करणारे हस्तक होते. पोलिसांनी नेटाने तपास केला आणि २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. ही मंडळी हमालच म्हणायची. धनी कोण, याचे उत्तर पुण्याबाहेरून आले. उत्तर कोरियावरील निर्बंधांच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने आपल्या २०१९ च्या अहवालात, त्या देशाने निर्बंध चुकवून पैसा मिळवण्यासाठी केलेल्या सायबर हल्ल्यांमध्ये कॉसमॉस बँकेचा समावेश केला. हे निर्बंध अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रे यांसाठीच लादलेले आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे पुण्याच्या पेठेतील बँकेचे कुलूप कोणत्या राजकारणाशी जोडलेले आहे हे उमगते.

कॉसमॉसमध्ये झाली ती चोरी. रॅन्समवेअर म्हणजे खंडणी. पहिल्यात पैसा नेतात, दुसऱ्यात आपलीच माहिती आपल्या घरात कुलूपबंद करून किल्लीची किंमत मागतात. आत शिरण्याची वाट मात्र बहुधा एकच. शिवाय खंडणी हा कित्येकदा नुसता मुखवटा असतो. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या धक्क्याचे काम ठप्प झाले. नॉटपेट्या नावाची ती आज्ञावली युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका संगणक प्रणालीच्या सुधारित आवृत्तीतून पसरली होती. पडद्यावर खंडणीची मागणी झळकत होती; पण पैसे भरले तरी माहिती परत मिळण्याची सोयच तिच्या कर्त्यांनी ठेवली नव्हती. पुढे अमेरिका आणि ब्रिटन यांनी तिचे कर्तृत्व रशियाच्या लष्कराकडे असल्याचे जाहीर केले. दोन परक्या देशांच्या भांडणात उरणच्या किनाऱ्यावर कंटेनर अडकून पडावेत, हा या युगाचा न्याय आहे.

अर्थात प्रत्येक बिघाडामागे शत्रूचा हात शोधण्याचेही कारण नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय पुढे व्यक्त केला आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी तो मानवी चुकीचा परिणाम असल्याचे सांगितले. संशय आणि पुरावा यांतील अंतर राखले नाही तर, खरा लांडगा आल्यावर हाकेला कोणी धावणार नाही.

मुख्य प्रश्न पैशाचा आहे, आणि तो पुढे ढकलला जात आहे. संगणक-सुरक्षेचा खर्च बँकेच्या आकाराप्रमाणे कमी होत नाही. दोन शाखांच्या बँकेला पहारा ठेवायचा तर जाणकार माणसे, सतत निरीक्षण आणि माहितीची वेगळी सुरक्षित प्रत हे सारे लागतेच. मोठ्या बँकेच्या दृष्टीने जो किरकोळ खर्च, तो लहान बँकेचा वर्षाचा नफा खाऊन टाकतो. म्हणून लहान बँका एकाच सेवादाराकडे जातात. हा निर्णय चुकीचा नाही, किंबहुना शहाणपणाचा आहे. मात्र त्यामुळे तीनशे दारांना एकच कुलूप लागते. दुसरे असे की, एका बँकेने सुरक्षेवर पैसा वाचवला तर नुकसान तिच्यापुरते राहत नाही. तिच्या दारातून शिरलेला चोर शेजाऱ्यांकडेही पोहोचू शकतो. तोटा दुसऱ्याच्या माथी जात असेल, तर आपणहून पुरेसा खर्च कोणी करीत नाही, हा अर्थशास्त्राचा जुना पाठ आहे. त्यात सहकाराची आपली तऱ्हा निराळी. कर्ज आणि लाभांश यांवर संचालक निवडून येतात. माहितीची राखीव प्रत जपली म्हणून कोणाचे पॅनेल निवडून आल्याचे ऐकिवात नाही.

पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातील शेतकऱ्याला हे तत्त्व नव्याने शिकवण्याची गरज नाही. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत करावे लागते; वरच्या रानात बांध नसेल तर खालच्याने कितीही खपून घातलेली ताल एका पावसात वाहून जाते. म्हणूनच ते काम सार्वजनिक पैशातून होते. संगणक-सुरक्षेला हाच न्याय लावावयास हवा. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली आणि २०१९ च्या अखेरीस बँकांच्या कुवतीनुसार तिचे चार स्तर केले. मार्च २०२४ मध्ये या बँकांसाठी राष्ट्रीय शिखर संस्थेचे उद्घाटन झाले. पावले योग्य दिशेची आहेत. पण पतसंस्थांचे काय? त्या राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. त्यांना रिझर्व्ह बँकेची चौकट लागू नाही आणि त्यांच्या ठेवींना बँकेच्या ठेवींप्रमाणे पाच लाखांचे विमासंरक्षणही नाही. इकडे केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावची सेवा सोसायटी जाळ्यात येणार, हे स्वागतार्हच आहे. मात्र दारे वाढतात तसे पहारेकरीही वाढावे लागतात, आणि त्या पहाऱ्याचा खर्च दोन पगारी नोकर असलेल्या सोसायटीवर टाकणे म्हणजे तो होणारच नाही असे गृहीत धरणे होय. राज्याने जिल्हावार सुरक्षा-कक्ष उभारावेत, सार्वजनिक निधीतून चालवावेत आणि पतसंस्थांनाही त्यांच्या कक्षेत आणावे.

खंडणी द्यावी की नाही, याबद्दलही सरकारने एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. दिलेली प्रत्येक खंडणी पुढच्या हल्ल्याचे भांडवल होते. म्हणून सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांना ती देण्यास मनाई असावी. पण मनाई करणाऱ्याने, खंडणी न देता संस्था कशी उभी राहील याची तजवीजही केली पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक बंद पडले, तेव्हा अनेक दिवस नोंदी हाताने कराव्या लागल्या. रुग्णालय चालू राहिले, कारण कागदावर काम करण्याची सवय पूर्णपणे सुटलेली नव्हती. ती सवय असलेली पिढी बँकांतून आता निवृत्त होत आहे. वर्षातून एक दिवस यंत्रे बंद ठेवून, छापील शिल्लक-यादी आणि पासबुक यांच्या आधारे ठरावीक रक्कम रोखीने देण्याची तालीम प्रत्येक शाखेने करावयास हरकत नाही. तिला खर्च जवळजवळ नाही.

सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत केंद्रीय यंत्रणेला देण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातलेले आहे. ती खबर दिल्लीला जाते. बँकेचा मालक असलेला सभासद मात्र गावात असतो. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होतात आणि त्याआधी छापील अहवाल सभासदांच्या हाती पडतो. राखीव प्रत कोठे ठेवली आहे, ती चालते की नाही हे शेवटचे कधी तपासले आणि वर्षभरात कोणता हल्ला झाला, एवढ्या तीन नोंदी त्या अहवालात लाभांशाच्या आकड्याशेजारी छापण्याचा आदेश सहकार आयुक्तांना काढता येईल.