समाजमंदिर की मैदान?



मुंबई महानगरपालिकेचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. त्याच्या आठवडाभर आधी आमच्या गोवंडीच्या वस्तीत एक उमेदवार आला होता. त्याचे नाव, पक्ष सांगत नाही. तो निवडून आला की पडला, तेही सांगत नाही. कारण तो जे बोलला तेच थोड्याफार फरकाने सगळे बोलत होते. मुलगा शिकलेला, नम्र, आपल्यातलाच. रात्री नऊ वाजता बायका भांडी आवरून विहारात जमल्या. त्याने तथागतांना आणि बाबासाहेबांना वंदन केले, चप्पल बाहेर काढून आमच्यासारखाच सतरंजीवर बसला. तेवढ्यानेच अर्धी मते त्याच्या खिशात गेली असतील.

त्याने चार गोष्टी सांगितल्या. डंपिंग हटवणार. नाला बंदिस्त करणार. सर्वांना पक्की घरे देणार. आणि मागच्या मोकळ्या मैदानावर दुमजली समाजमंदिर बांधणार. शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या. मीही टाळ्या वाजवल्या, खोटे कशाला बोलू?

पहिला प्रश्न आमच्या शेजारच्या आजींनी विचारला. त्यांचे मालक पालिकेच्या सफाई खात्यात होते, कचऱ्याच्या गाडीवर जन्म गेला. त्या म्हणाल्या, "बाळा, डंपिंग हटवून नेणार कुठं?"

"शहराबाहेर, आजी."

"मंग तिथं कोण राहतंय?"

पोरगा गप्प बसला. उत्तर सोपे नव्हते, हे मान्य. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. अलीकडे बहुतेक कचरा कांजूरमार्गला जातो, तिथेही माणसे राहतात आणि वासाने हैराण आहेत. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डोंगर पेटला तेव्हा आम्ही पोरांच्या तोंडाला ओला रुमाल बांधून बसलो होतो. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की कचऱ्याची नीट व्यवस्था होईपर्यंत मुंबईत नव्या इमारतींना परवानगी देऊ नका. तेव्हा कुठे मोठ्या लोकांना देवनार आठवले! मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी शिथिल केली, आणि विसरही पडला.

आता त्याच डंपिंगच्या जागेपैकी सुमारे १२५ एकर जागा धारावीतल्या लोकांच्या घरांसाठी देण्याचे सरकारने २०२४ मध्ये ठरवले आहे. आधी कचरा उपसायचा, मग घरे. कचरा किती? सुमारे १८५ लाख टन. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत लिहिले होते की कचराभूमी माणसांच्या वस्तीपासून २०० मीटर लांब असावी. आमच्याकडे कचरा आणि वस्ती यांच्यामध्ये कुठे कुठे एक भिंतच आहे. धारावीतही आपलीच माणसे आहेत. त्यांना इथे आणणे याबद्दल तुमचे मत काय, असे एका ताईंनी विचारले, तर उमेदवार म्हणाला, "वरिष्ठांशी बोलून सांगतो." अजून सांगितलेले नाही.

पण मला आज लिहायचे आहे ते मैदानाबद्दल.

आरक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळा-कॉलेज आणि नोकरी येते. जमिनीलाही आरक्षण असते. शहराचा विकास आराखडा तयार होतो, त्यात प्रत्येक तुकड्यावर लिहिलेले असते: इथे शाळा, इथे दवाखाना, इथे खेळाचे मैदान. मुंबईचा सध्याचा आराखडा २०३४ सालापर्यंतचा आहे आणि तो १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माझी भाची एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढते. तिने जागेचा सी.टी.एस. नंबर घालून पालिकेकडून त्या जागेचा डी.पी. रिमार्क काढून आणला. आमच्या मागच्या जागेवर आरक्षण होते 'खेळाचे मैदान'. आणि मालमत्ता पत्रकावर मालक म्हणून नाव होते एका खाजगी माणसाचे. वीस वर्षे आम्ही तिला पालिकेची जागा समजत होतो!

मी तो कागद उमेदवारापुढे ठेवला. "दादा, हे मैदानाचे आरक्षण आहे. यावर समाजमंदिर कसे बांधणार?"

तो चटकन म्हणाला, "मावशी, काळजी करू नका. आरक्षण बदलून घेऊ."

इथेच माझ्या पोटात गोळा आला. आरक्षण बदलता येते, हे खरे आहे. नगररचना कायद्याच्या, म्हणजे १९६६ च्या एम.आर.टी.पी. कायद्याच्या कलम ३७ मध्ये तशी सोय आहे. पालिका जाहीर सूचना काढते, हरकती घ्यायला एक महिना देते, मग प्रस्ताव मंजुरीसाठी सरकारकडे जातो. सूचना छापून येते ती बारीक अक्षरात. आपल्यापैकी किती जण वाचतात? समाजमंदिरासाठी उघडलेल्या दारातून उद्या दुसरा कोणी आत येईल, आणि आपण हरकत घ्यायला जाऊ तर तो म्हणेल, सुरुवात तुम्हीच केली होती.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. त्याच कायद्याचे कलम १२७ सांगते की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत पालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते. आपल्या नोकरीच्या जागा भरल्या नाहीत तर निदान अनुशेष म्हणून मागता तरी येतात. जमिनीचा अनुशेष नसतो. ती सरळ खुल्या वर्गात जाते!

आता हिशेब करा. २०१८ मध्ये दहा मिळवले की सप्टेंबर २०२८. म्हणजे आत्ता जे नगरसेवक निवडून आले आहेत त्यांच्या मुदतीतच ही घटका भरणार आहे. अशा नोटिशी आणि जागा घेण्याचे प्रस्ताव पालिकेच्या सुधार समितीपुढे जातात, तिथे नगरसेवकच बसतात. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे मुंबईत नगरसेवक नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. आता माणसे आली आहेत, तर त्यांना गटार-दिव्यांबरोबर हेही विचारायला हवे.

१९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. ठराव कागदावर राहिला. पाणी मिळाले ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब आणि हजारो माणसे तळ्यावर चालत गेली तेव्हा. मैदानाचे आरक्षण हाही असाच एक ठराव आहे.

मैदानाच्या एका कडेला पंधरा-वीस झोपड्या आहेत, तेही सांगितले पाहिजे. मैदान वाचवा म्हटले की काहींना वाटते, त्या झोपड्या उठवा. मला तसे वाटत नाही. आपण सगळे कधीतरी अशाच कडेला येऊन बसलो होतो. आरक्षित जागेवर झोपड्या असल्या तर तिथेच पुनर्वसन करून किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवायची, असा मुंबईचा नियम आहे. जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि ती ३५ टक्के जागा सर्व जनतेला खुली राहिली पाहिजे, असेही बजावले. ३५ टक्के थोडेच आहे. पण पोरांना क्रिकेटला, मुलींना कबड्डीला आणि १४ एप्रिलच्या स्टेजला तेवढे तरी हक्काचे उरेल.

माझे हे बोलणे वस्तीत सर्वांना आवडलेले नाही. "ताई समाजमंदिराला विरोध करतात" असे दोन-तीन बांधव बोलून गेले. एकाने तर विहारात जयभीम घालायचेही सोडले. बांधवांनो, लग्नाला हॉलचे भाडे परवडत नाही, हे मला तुमच्याइतकेच ठाऊक आहे. माझ्याच मुलीचे लग्न त्या मैदानात मंडप टाकून झाले. समाजमंदिर हवेच. पण विहाराशेजारची पालिकेची जुनी बंद पडलेली चौकी आहे, ती मागू या. तिथे वर मजला चढेल का, हे भाची बघून सांगणार आहे.

मागच्या आठवड्यात आम्ही सात बायका वॉर्ड ऑफिसला गेलो. अर्जात एवढेच लिहिले होते की या सी.टी.एस. नंबरची जागा मैदानासाठी आरक्षित आहे, २०२८ च्या आत ती संपादन करण्याची कार्यवाही सुरू करावी. कारकुनाने सवयीने विचारले, "सी.टी.एस. नंबर माहीत आहे का, बाई?" आजींनी तो तोंडपाठ सांगितला. त्याने मान वर करून पाहिले आणि मुकाट्याने शिक्का मारला. अर्जाची एक प्रत नव्या नगरसेवकाच्या कचेरीत दिली आहे. पोचपावती विहाराच्या कपाटात, वर्गणीच्या वहीशेजारी ठेवली आहे. कोणाला आपल्या वस्तीसाठी तसाच अर्ज लिहायचा असेल तर रविवारी वंदनेनंतर या, नक्कल देईन.