इम्युनिटीची बाटली



गेल्या रविवारी आमच्या जठारपेठेतल्या घरी एका माजी विद्यार्थ्याच्या अम्मी आल्या. पिशवीतून एक छोटी बाटली काढून म्हणाल्या, "सर, पोरानं यांच्यासाठी मागवली. इम्युनिटी वाढते म्हणे. देऊ का?" त्यांच्या शौहरना दोन वर्षांपूर्वी बहिणीची किडनी बसवली आहे.

बाटलीवर लिहिलं होतं, 'विजया'. विजया म्हणजे भांग, असं सांगताच बाई "तौबा" म्हणाल्या. पण पोराचं म्हणणं होतं की यातल्या सीबीडीनं नशा येत नाही. ते खरंच आहे. नशा येते ती टीएचसीनं. म्हणून नुसत्या "तौबा"नं भागत नाही, थोडं विज्ञान बघावं लागतं.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. त्यांच्यावर सीबी-२ नावाचं एक कुलूप असतं, ते १९९३ साली सापडलं. टीएचसी ही त्याला लागणारी एक किल्ली. ती लागली की शिपाई बहुधा सुस्तावतात, एकमेकांना इशारे कमी देतात. सीबीडीची वाट वेगळी असली तरी तीही बरीचशी त्याच दिशेनं जाते. यातले बरेच प्रयोग काचपात्रात आणि उंदरांवर झालेत, हे मात्र ध्यानात ठेवावं. माणसांतला एक दाखला लॉस एंजेलिसचा, १९९७ चा : गांजा ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांतल्या भक्षक पेशी जंतू मारण्यात कमी पडल्या. (एकच चिलीम चार तोंडांत फिरते, त्यातून टीबी पसरतो तो वेगळाच.) सुजलेल्या सांध्याला ही सुस्ती कदाचित मानवेल, पण तिला 'इम्युनिटी वाढणं' कसं म्हणायचं?

आता या अब्बांचं बघा. बहिणीची असली तरी किडनी शरीराला परकीच. शिपायांनी तिच्यावर तुटून पडू नये म्हणून रोज टॅक्रोलिमसची गोळी. तेलानं इम्युनिटी खरंच वाढली, तर किडनीवर हल्ला. कमी झाली, तर आधीच दुबळ्या शरीराला जंतूंचं भय. शिवाय टॅक्रोलिमस मोडून काढण्याचं यकृताचं काम सीबीडी मंदावतं. २०१९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा एका रुग्णाची नोंद छापली. डोसच्या मानानं औषधाची रक्तातली पातळी सुमारे तिप्पट झाली होती. आणि हे औषध रक्तात फार झालं, तर किडनीलाच इजा करतं.

बाई ऐकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, चार दिवस झाले. रोज पाच थेंब दिलेत."

आम्ही त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. तेल लगेच बंद, गोळ्या मनानं कमी-जास्त करायच्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासायचं, असं ठरलं. पोराला ओरडू नका, हे आम्ही आपलं जोडलं. कोरोनात दादा गेल्यापासून अब्बांना काही होऊ नये, एवढाच त्याचा ध्यास.

सोमवारी तोच अब्बांना घेऊन गेला. बाटलीही नेली, डॉक्टरांना ती बघायची होती. रिपोर्ट अजून यायचा आहे.