अर्धी चारी तुझी, अर्धी माझी



गेल्या शुक्रवारी रात्री गावाकडून दादाचा फोन आला. तेच जुने दुखणे. पाटाची चारी गाळाने भरली आहे, तिच्यात बेशरम माजली आहे. वरच्या अंगाला चुलतभाऊ, खालच्या टोकाला आम्ही. तो म्हणतो तुम्ही उपसा, आम्ही म्हणतो तू उपस. रब्बीचे पाणी सुटायला आले, पण ते आमच्या गव्हापर्यंत पोचायचे नाही. "वकिलाशी बोललो आहे. थोडे पैसे पाठव," दादा म्हणाला. मी "बघतो" म्हटले आणि फोन ठेवला.

नोकरीपायी आमचे बिऱ्हाड सध्या हॉलंडात, ॲमस्टरडॅमला आहे. शनिवार-रविवार सुट्टी असते. घरात मन लागेना, म्हणून सकाळीच सौ. आणि मुलीला घेऊन बस पकडली आणि बेम्स्टर नावाच्या शिवारात गेलो. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. एका शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाची सोय झाली होती.

वाचकहो, हे शिवार म्हणजे एके काळचे तळे. व्यापाऱ्यांनी पैसे घातले, भोवती बांध घातला, ४३ पवनचक्क्या लावून पाणी उपसले आणि १६१२ साली सुमारे सात हजार हेक्टर जमीन उघडी केली. ती समुद्रसपाटीपेक्षा साडेतीन मीटर खाली आहे. आपल्या विहिरीच्या भाषेत दोन पुरुष खोल! भोवतीचा कालवा शेतांपेक्षा उंच. त्यातून होडी चालली की ती आपल्या डोक्यावरून गेल्यासारखी दिसते. मुलगी तर बघतच राहिली.

घरही बघण्यासारखे. चारी बाजूंनी उतरते, देवळाच्या शिखरासारखे उंच छप्पर. पूर्वी त्या एकाच छपराखाली मधोमध गवताची गंजी, एका अंगाला गाई आणि दुसऱ्या अंगाला माणसे राहत. सौ. म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखेच की! रात्री गाय हंबरली तर अंथरुणातून कळायचे."

दुपारी पावसाची भुरभुर होती. घरधनी म्हातारा, सत्तरी ओलांडलेला, यंत्राला लोखंडी टोपली लावून शेताच्या कडेची चर साफ करीत होता. गवत कापायचे, वर ओढायचे आणि काठावर टाकायचे. मी विचारले, "सुट्टीच्या दिवशीही काम?" तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात तपासणी आहे."

मग त्याने सगळे समजावून सांगितले. या देशात पाण्याचा कारभार बघायला वेगळी मंडळे आहेत. त्यांची परंपरा तेराव्या शतकापासूनची. दर चार वर्षांनी त्यांची निवडणूक होते, त्यांचा करही वेगळा. पावसाळी थंडीचे दिवस आले की मंडळाची माणसे चरी तपासतात. दोन शेतांच्या मधली चर असेल तर अर्धी या काठवाल्याने साफ करायची, अर्धी त्या काठवाल्याने. कुणी केली नाही तर मंडळ करून घेते आणि बिल त्याच्या घरी पाठवते.

"शेजाऱ्याशी भांडण असेल तर?" मी विचारले.

म्हातारा हसला. "भांडण असू दे. पाणी तुंबले तर दोघांचीही शेते बुडतात."

त्याने जुना कायदाही सांगितला. ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे झेपत नसे, तो बांधात फावडे रोवून गाव सोडी. जो ते फावडे उपटे, त्याची ती जमीन आणि बांधाचे ओझेही त्याचेच. कायदा कठोर खरा, पण समुद्र त्याहून कठोर. १९५३ च्या फेब्रुवारीत या देशाच्या नैऋत्य भागात बांध फुटले आणि एका वादळात १८३६ माणसे गेली.

रात्री झोप लागेना. माझे आजोबा पांझरेकाठी फडावर पाटकरी होते. फडाची बागायत तुमच्यापैकी धुळे-नाशिककडच्या मंडळींना ठाऊक असेल. एका फडात एकच पीक, पाटकऱ्याने ठरवल्याप्रमाणे पाणी, आणि पाट साफ करायला सगळ्यांनी मिळून जायचे. आजोबा स्वतःच्या भावाचेही पाणी पाळीआधी सोडत नसत. म्हणजे हा शहाणपणा शिकायला मला हॉलंडात यायची गरज नव्हती. त्यांना पाणी बाहेर काढायचे असते, आपल्याला शिवारात आणायचे असते, एवढाच काय तो फरक. आजही दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था आपले पाणी आपणच वाटून घेतात.

रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर दादाला फोन केला. म्हटले, "पैसे पाठवतो, पण वकिलासाठी नाही. जेसीबी सांग. आपल्या हद्दीतली चारी आधी उपस. मग अण्णाकडे जा, चहा घे आणि त्याच्या हद्दीतल्या अर्ध्या कामाचे पैसे आपण देतो म्हणून सांग."

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नऊ वर्षांत त्याच्या ओट्यावर पाय ठेवला नाही रे."

"माहीत आहे," मी म्हटले.

"बघतो," तो म्हणाला.

पुढे काय झाले ते मला अजून कळलेले नाही. कळेल तेव्हा तुम्हाला सांगेनच. तोवर, मंडळी, रब्बीचे पाणी सुटायच्या आत एकदा आपल्या चारीवर चक्कर मारून या. जमले तर शेजाऱ्यालाही हाक मारा.