माईक ऑन कर की, ताई!

मार्चमध्ये तासगावला मामाकडे गेले होते. ना दिवाळी, ना गणपतीचा रथोत्सव. निमित्त होतं ‘व्हॅलोरंट’! 2020 च्या जूनमध्ये आलेला हा गेम. पाच विरुद्ध पाच, आधी 13 राउंड जिंकेल ती टीम विनर. आयर्नपासून रेडियंटपर्यंत नऊ रँक्स आणि मी मॅडम तिसऱ्यावर, सिल्व्हरवर अडकलेल्या. नवा माऊस घेतला, हेडफोन घेतला. रँक ढिम्म!

मामेभाऊ मात्र डायमंड. बेदाण्याच्या शेडवरून आला, हातपाय धुतले आणि माझ्या मागे बसला. दोन मॅचेस गप्प बघितल्या. मग म्हणाला, ‘‘ताई, तुझा नेम जमिनीकडं असतोय. डोक्याच्या उंचीवर ठेव की. सगळी टीम पैसे साठवतीय आणि तू एकटीच महागडी गन घेतीस. आणि माईक का बंद असतोय गं?’’

खरं सांगू? मुलीचा आवाज ऐकला की काहीजण सुरू होतात. ‘नंबर दे’, ‘किचनमध्ये जा’... म्हणून मी गप्पच. पण शत्रू कुठून येतोय हे मीच सांगितलं नाही, तर टीम हरणारच ना!

‘‘त्रास देणाऱ्याला म्यूट कर, रिपोर्ट टाक. तू कशाला म्यूट होतीस?’’

त्या रात्री बोलत बोलत खेळले. 13-11 ने जिंकलो! रँक अजून सिल्व्हरच आहे म्हणा. पण माईक ऑन आहे. सोमवारच्या मीटिंगमध्ये तुमचा असतो का?