विश्लेषण : ‘भुताचे बेट’ पाहायला होडी, मग जुन्या किल्लारीला कोण नेणार?

इटलीतील व्हेनिस शहराजवळ पोवेलिया नावाचे ओसाड बेट आहे. १७९३ मध्ये प्लेगची लागण झालेल्या जहाजांवरील माणसांना तेथे वेगळे ठेवले गेले. पुढे विसाव्या शतकात त्याच बेटावर रुग्णालय झाले आणि १९६८ मध्ये ते बंद पडले. उरलेल्या पडक्या भिंतींना टीव्ही आणि इंटरनेटने ‘जगातील सर्वात झपाटलेले बेट’ करून टाकले. वेडा डॉक्टर, लाखो प्रेते अशा ठोस पुरावा नसलेल्या कथा त्यात मिसळल्या. होडीवाल्याला गिऱ्हाईक मिळते, ते या कथांच्या जोरावर.

व्हेनिसमधील रहिवाशांना मात्र भुते नको होती, बेट हवे होते. २०१४ मध्ये सरकारने त्याचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा लिलावात काढला, तेव्हा त्यांनी प्रत्येकी ९९ युरो वर्गणी जमवली. अकरा वर्षांनी, २०२५ मध्ये, बेटाचा उत्तरेकडील भाग सहा वर्षांसाठी त्यांच्या संस्थेच्या हाती आला.

आपल्याकडची अशी होडी अंदमानात मिळते. पूर्वीचे रॉस बेट, म्हणजे २०१८ पासूनचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, हे काळ्या पाण्याच्या वसाहतीचे ब्रिटिश मुख्यालय होते. आज तेथे झाडांच्या मुळांनी गिळलेल्या इमारती आहेत, हरणे आहेत आणि सेल्फी आहेत. जवळच्या व्हायपर बेटावर फाशीघर आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोची हत्या करणाऱ्या शेर अली आफ्रिदीला १८७२ मध्ये तेथे फाशी दिले गेले. सेल्युलर जेल उभे राहण्याच्या कितीतरी आधी या बेटावर कैद्यांना साखळदंडात ठेवले जाई. एवढा इतिहास समोर असताना भुताची गरजच काय?

लातूर-नांदेडच्या वाचकाला मात्र अशा जागेसाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. औसा तालुक्यातील जुन्या किल्लारीला जायला होडीही लागत नाही.

तेथे नेमके काय घडले?

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगात वर्षभरात अनेकदा होतो तेवढा भूकंप. तरीही लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. काही नोंदींत हा आकडा आणखी मोठा आहे. कारण डोक्यावर होते. जाडजूड दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवर माळवद. माळवद गळू नये म्हणून त्यावर माती चढत जायची. उन्हाळ्यात थंडावा देणारे हेच घर त्या पहाटे अंगावर आले. रात्रीची वेळ नसती, तर बरेच लोक शेतात असते.

त्याआधी वर्षभर, १९९२ मध्येच, किल्लारी परिसराला धक्के जाणवत होते. पण भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वात कमी धोक्याच्या गटात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि किल्लारी थेट तिसऱ्या गटात गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, जुनी गावठाणे मागे राहिली.

पडके गाव आणि मोबाईल एवढ्या भांडवलावर ‘भुताचे गाव’ असा व्हिडिओ तयार होतो. तो निरुपद्रवी वाटतो, पण तसा नाही. भूत म्हटले की माणसे कशाने मेली हा प्रश्नच संपतो. माळवद, नकाशा आणि दुर्लक्षित धक्के सगळे त्याआड जातात. शिवाय त्या ढिगाऱ्यातून बाहेर काढलेली माणसे आजही नव्या किल्लारीत राहतात. त्यांच्या आईबापांना कोणी ‘आत्मा’ म्हणून दाखवावे, हे त्यांनी का सोसावे?

मग जुन्या किल्लारीत कोणी जाऊच नये का?

उलट जावे. मराठवाड्यात हा धोका इतिहासजमा झालेला नाही. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरीचे लोक जमिनीतील आवाजांमुळे रात्री घराबाहेर काढत होते. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेडलाही जाणवला. त्याच वर्षी जुलैत तेवढ्याच ताकदीचा आणखी एक आला. त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा भरपूर फिरल्या; घराच्या भिंतीकडे पाहिले किती जणांनी?

गुजरातने २०२२ मध्ये भुजला ‘स्मृतिवन’ उघडले. २००१ च्या भूकंपातील मृतांची नावे तेथे कोरली आहेत आणि भूकंप कसा होतो, हे संग्रहालयात अनुभवता येते. किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे. ३० सप्टेंबरला मानवंदना होते. उरलेल्या ३६४ दिवसांसाठी भुजइतका खर्च लागणार नाही. एक माळवदाचे घर जसे होते तसे बांधून दाखवावे, शेजारी भूकंपरोधक घर, मृतांची गावनिहाय नावे आणि माहिती सांगायला नव्या किल्लारीतीलच तरुण. तिकीट ठेवायचे तर त्याचा पैसा ग्रामपंचायतीकडे जावा आणि काय दाखवायचे, काय नाही, हेही गावाने ठरवावे.

लातूरच्या शाळांच्या सहलींसाठी औशाचा किल्ला आणि खरोशाची लेणी जवळच आहेत. किल्लारीही त्याच तालुक्यात आहे.