जुना गेम फोनवर ‘विरार फास्ट’ का होतो?

२०२४च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपलने अ‍ॅप स्टोअरचे नियम बदलले आणि जुन्या गेम कन्सोलचे एम्युलेटर आयफोनवर अधिकृतपणे यायला लागले. ‘डेल्टा’ त्याच महिन्यात आला. अँड्रॉइडवाल्यांना यात नवीन काहीच नव्हतं. पण दोन्हीकडे एक तक्रार सारखीच असते: गेम चालतो, पण वेग चुकतो. एकतर रांगतो, नाहीतर सुसाट सुटतो. मग लोक फोनला शिव्या घालतात आणि नव्या फोनचा ईएमआय बघायला लागतात. जरा थांबा, बऱ्याचदा फोनचा यात काही संबंध नसतो.

आधी डॉसचे गेम घेऊ. १९८१चा आयबीएम पीसी ४.७७ मेगाहर्ट्झचा होता. त्या काळातले काही गेम घड्याळ बघतच नसत. पात्राला क्षणभर थांबवायचं असेल तर प्रोग्रामर एक रिकामा लूप फिरवायचा. प्रोसेसर वेगवान झाला की तो लूप झटकन संपतो आणि गेम पळत सुटतो. म्हणून नंतरच्या पीसींवर ‘टर्बो’ बटण आलं. नाव टर्बो, पण खरा उपयोग वेग कमी करायला!

वसई-विरारच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून, किंवा मुंबई विद्यापीठाच्या इतर कुठल्याही कॉलेजातून, टर्बो सीवर ग्राफिक्सची प्रॅक्टिकल्स केलेल्यांना हे लगेच कळेल. स्क्रीनवर गाडी सरकवताना मध्ये रिकामा फॉर लूप टाकला, की लॅबच्या पीसीवर एक वेग आणि घरी डॉसबॉक्समध्ये भलताच. जुन्या गेम्सचा घोळ तोच आहे.

डॉसबॉक्समध्ये यावर ‘सायकल्स’ नावाची सेटिंग असते. एका मिलिसेकंदात किती सूचना चालवायच्या, तो हा आकडा. साध्या डॉस गेमसाठी तो सुरुवातीला ३०००वर असतो. ४.७७ मेगाहर्ट्झच्या पीसीसाठी साधारण ३०० पुरतात, म्हणजे तेव्हाचा गेम थेट दहापट पळणार. ३८६ साठी सुमारे ६००० आणि ४८६ साठी २५,०००च्या आसपास धरा. कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ११ दाबून आकडा कमी होतो, एफ१२ने वाढतो. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मेनूत शोधा.

सगळे गेम असे नाहीत. १९९३चा ‘डूम’ घड्याळ बघून सेकंदाला ३५ टप्प्यांत चालतो. सायकल्स वाढवल्या तर चित्र गुळगुळीत होतं, राक्षस जोरात धावत नाहीत.

आता टीव्ही गेमकडे येऊ, कारण इथे घरात भांडणं होतात. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले डबे होते, बहुतेक जपानी फॅमिकॉमच्या नकला. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचा, भारतातला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. ५० वर चालणाऱ्या डब्यात ६० साठी लिहिलेली कॅसेट घातली, की गेम सुमारे १७ टक्के हळू. गंमत म्हणजे अशा डब्यांच्या एका प्रकारात संगीताचा सूर जवळपास तोच राहायचा, फक्त लय उतरायची. तेव्हा दादा म्हणाला, “आमचा काँट्रा एवढा फास्ट नव्हता,” तर त्याला हसू नका, त्याचं कदाचित खरं असेल. काही एम्युलेटरमध्ये एनटीएससी, पाल आणि ‘डेंडी’ असे पर्याय असतात. डेंडी ही रशियातली अशीच नक्कल. त्याला तो पर्याय लावून द्या.

नव्या फोनच्या ९० हर्ट्झ स्क्रीनने अजून एक गोंधळ केलाय. एखादा एम्युलेटर फक्त स्क्रीनच्या तालावर चालत असेल, तर ६० चा गेम दीडपट पळतो. वेळेआधी सुटलेली लोकलही आपल्यासाठी चुकलेलीच ना! चांगले एम्युलेटर आवाजाचा वेग धरून चालतात. तरीही ९० ला ६० ने नीट भाग जात नाही, म्हणून हालचाल किंचित अडखळते. अशा वेळी फोन ६० किंवा १२० वर ठेवा.

खरोखर रांगणाऱ्या गेमचं प्रकरण मात्र वेगळं. मोठ्या कन्सोलची नक्कल वेगात करायची तर जुन्या प्रोसेसरच्या सूचना खेळता खेळताच फोनच्या भाषेत बदलाव्या लागतात. याला जेआयटी म्हणतात. अँड्रॉइड ते करू देतं, अ‍ॅप स्टोअरच्या अ‍ॅप्सना अ‍ॅपल करू देत नाही. म्हणूनच ‘डॉल्फिन’च्या टीमने आयफोनवर येणं शक्य नसल्याचं सांगितलं. कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या ‘यूटीएम एसई’ला अ‍ॅपलने आधी नाकारलं आणि जुलै २०२४मध्ये परवानगी दिली. त्यातल्या एसईचा अर्थच ‘स्लो एडिशन’. माझ्या मते अ‍ॅपलने दार उघडलं, पण अर्धंच. दीड लाखाचा आयफोन इथे पंचवीस हजारांच्या अँड्रॉइडपुढे मागे पडू शकतो, आणि तिथे कुठलीही सेटिंग कामाला येत नाही. पैसे मागणारी ‘स्पीड बूस्टर’ अ‍ॅप्स तर मुळीच नाहीत.

सायकल्सचा खेळ समजून घ्यायचा असेल तर डूमचा मोफत वाटलेला पहिला भाग घ्या. आकडा ३००० वर ठेवून बघा, मग २५,००० वर.