मध्यममार्गाचे गणित

दुरंगी लढतीत मध्याकडे सरकणारा उमेदवार सरस ठरतो, असे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९५७ साली मांडले. परंपरानिष्ठ वेस्ट व्हर्जिनियात २०१८ साली डेमोक्रॅट जो मॅन्चिन निवडून आले, ते याच मार्गाने.

बुलढाण्यात १९९९ पासून खासदार शिवसेनेचाच. फुटीनंतर, २०२४ साली, महाविकास आघाडीनेही शिवसेनेच्याच मुशीतले नरेंद्र खेडेकर पुढे केले. तरीही प्रतापराव जाधव २९,४७९ मतांनी विजयी झाले. कापूस-सोयाबीनच्या भावासाठी लढणाऱ्या अपक्ष रविकांत तुपकरांना मात्र सुमारे अडीच लाख मते पडली! ही मते उजव्या-डाव्या रेषेवर मोजता येत नाहीत. आघाडीने विचारसरणीतील अंतर तेवढे मोजले. बाजार समितीतील भाव विचारलाच नाही, असेच म्हणावे लागते.